भाकरी 'खाल्ली' का?

गेल्या डिसेंबरात लोणावळ्याला आमच्या घरी एक छोटासा अपघात झाला. कुणाला लागलं नाही, काही फुटलं नाही. पण नऊ वर्षांचा एक मुलगा त्यानंतर चार दिवस मराठीत एक शब्द बोलला नाही.

हा मुलगा म्हणजे माझा नातू. लेक आणि जावई बरीच वर्षं नैरोबीला असतात. नातवाचा जन्म तिथलाच. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि शाळेतला विषय म्हणून व मैदानावरची दोस्तांची भाषा म्हणून स्वाहिली. असं तिहेरी राज्य. त्यातली मराठी सगळ्यात किरकोळ, कारण ती बोलायला दोनच माणसं, आणि तीही संध्याकाळी दमून आलेली.

त्या दिवशी माझ्या आईला कामशेतहून, माझ्या धाकट्या भावाकडून, आणायला गाडी गेली होती. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पवन मावळातली. नातू सकाळपासून फाटकाशी उभा. गाडी वळताना दिसली तसा तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "पणजी आला! पणजी आला!"

घरातले सगळे हसले. मीही हसलो. आणि हसून थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी त्याला जवळ घेऊन समजावलं, "आला नव्हे रे, आली." दुपारी जेवताना तो म्हणाला, "मी भाकरी खाल्लो." मी म्हटलं, "खाल्लो नव्हे, खाल्ली." त्यानं ते लक्षात ठेवलं आणि थोड्या वेळानं मोठ्या ऐटीत म्हणाला, "मी केळं खाल्ली." मी म्हटलं, "केळं खाल्लं!" बँकेत तेहतीस वर्षं काढलेला माणूस मी. दिवसाअखेर एक रुपयाचा फरक राहिला तरी सगळ्या खतावण्या पुन्हा उघडायच्या, ही सवय हाडात मुरलेली. पोराच्या तोंडातून पडणारं प्रत्येक वाक्य मी तपासत बसलो. संध्याकाळपर्यंत ते पोर इंग्रजीवर गेलं.

आईला इंग्रजीचा गंध नाही. ती त्याला काही विचारी, तो मान हलवी. तिनं रात्री मला विचारलं, "त्याला माझं बोलणं कळत नाही का रे?"

मी काही उत्तर देण्याआधी आमच्या घरात न्यायनिवाडा झाला. माझी पत्नी कोल्हापूरची. तिकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ती म्हणाली, "अहो, मी चाळीस वर्षं या घरात 'जातो' म्हणतोय. माझी चूक नाही कधी काढली ती?" याला उत्तर नव्हतं.

मग मी पोराला घेऊन स्टेशनवर जायला लागलो. आगगाडी हा आजोबा-नातवांमधला सगळ्यात जुना तह आहे. बोरघाट चढून येणाऱ्या कित्येक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेची माणसं त्यांना 'बँकर' म्हणतात. माझ्यासारखा पेन्शनर बँकर आणि तो ढकलणारा बँकर यावर माझा एक ठरलेला विनोद आहे, तो मी केला. तो हसला नाही. जरा वेळानं मात्र इंग्रजीत विचारता झाला, की आजोबा, तुम्ही आत्ता 'इंजिन आलं' म्हणालात, मग 'बँकर आला' म्हणालात, आणि 'गाडी आली' म्हणालात. पण ही सगळी एकच वस्तू आहे ना?

मी निरुत्तर झालो. इंजिनाच्या अंगावर कुठे लिहिलेलं असतं, की ते नपुंसकलिंगी आहे?

घरी आल्यावर त्यानं ओसरीतल्या खुर्चीवर हात ठेवला. म्हणाला, "किती."

मी म्हटलं, "किती काय?"

"किती म्हणजे चेअर. स्वाहिलीत."

असा माझा पहिला धडा सुरू झाला. एक खुर्ची ती 'किती', अनेक खुर्च्या त्या 'विती'. पुस्तक म्हणजे 'किताबु', पुस्तकं म्हणजे 'विताबु'. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, हे लोक तोंड बदलतात. आणि शब्दाच्या तोंडाशी जे असेल ते त्याच्या मागे येणाऱ्या सगळ्यांना लावतात. 'किताबु किमोजा किझुरी किमेआंगुका', म्हणजे एक चांगलं पुस्तक पडलं. दोन पुस्तकं पडली तर 'विताबु विविली विझुरी विमेआंगुका'. विशेषण, संख्या, क्रियापद, सगळ्यांच्या कपाळी तोच टिळा. वारीत एका दिंडीच्या सगळ्या माणसांच्या खांद्यावर एका रंगाची पताका असावी तसं.

मी नंतर थोडं वाचलं. स्वाहिली ही बांटू कुळातली भाषा. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या निम्म्या भागात अशा शेकडो भाषा बोलल्या जातात. व्हिल्हेल्म ब्लेक या जर्मन पंडितानं एकोणिसाव्या शतकात त्यांना हे नाव रूढ केलं, आणि तेही त्यांच्याच व्याकरणातून घेऊन: 'न्तु' म्हणजे माणूस, 'बा' हे अनेकवचनाचं तोंड, म्हणून बांटू म्हणजे माणसं. स्वाहिलीत तेच 'म्तु' आणि 'वातु'. माणसांचा एक वर्ग, झाडांचा एक, वस्तूंचा एक, फळांचा आणखी एक. एकवचन-अनेकवचन वेगळं मोजलं तर पंधराच्या आसपास वर्ग भरतात. बाई आणि पुरुष हा भेद मात्र व्याकरणात नाहीच. आला की आली, दोन्हींना एकच क्रियापद, 'अमेकुजा'. 'पणजी आला'चा उगम तिथं होता. पोराच्या दुसऱ्या भाषेत आजी-आजोबा एकाच रांगेत उभे असतात, आणि आम्ही हसत होतो.

परक्या शब्दांचंही तिथं गमतीदार होतं. 'किताबु' हा मूळचा अरबी शब्द. त्यातला 'कि' हा शब्दाचाच भाग. पण स्वाहिलीला वाटलं, हा आपल्याच 'किती'चा भाऊ. म्हणून तिनं त्याचं अनेकवचन 'विताबु' करून टाकलं. इंग्रजी 'कीप लेफ्ट'वरून रस्त्यातल्या वर्तुळाला 'किपिलेफ्टी' म्हणू लागले, आणि अशी दोन वर्तुळं आली की 'विपिलेफ्टी'! तोच अरबी किताब आपल्याकडे आला आणि कुस्तीच्या आखाड्यात उतरला: पैलवानानं किताब पटकावला. पुल्लिंगी! ते का, हे कुणाला विचारणार? बँकेत आम्ही रोज म्हणत असू, चेक वटला, खातं उघडलं, ठेव मोडली. तेहतीस वर्षांत एकाही खातेदारानं 'का' म्हणून विचारलं नाही.

आपली अडचण अशी, की आपला शब्द आपला वर्ग लपवून ठेवतो. 'आंबा', 'वाटी', 'केळं' अशा शब्दांत काही खूण असते. पण हात, वाट, घर? एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी, आणि तिघांच्या तोंडावर किंवा शेपटावर काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. चेहऱ्यावरच पाहा: कान पुल्लिंगी, जीभ स्त्रीलिंगी, नाक नपुंसक. 'ई' दिसली की स्त्रीलिंग म्हणावं, तर हत्ती आणि पाणी आडवे येतात. शिवाय 'वही पडली' आणि 'पुस्तकं पडली', एक वही आणि अनेक पुस्तकं, क्रियापद एकच. पोरानं धरायचं काय?

पण नातवाची खरी तक्रार लिंगाबद्दल नव्हतीच. ती भाकरीबद्दल होती. धिटाई परत आल्यावर एका रात्री त्यानं विचारलं, "आजोबा, खाल्लं कोण? मी. मग 'खाल्ली' का? भाकरीनं मला खाल्लं का?"

शाळेत आपल्याला कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवले. 'मी भाकरी खाल्ली' हा कर्मणी, एवढं पाठ होतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला 'कर्मणी' म्हणून सांगणं म्हणजे बँकेत म्हाताऱ्या बाईला 'नियमात बसत नाही' म्हणून सांगणं. आम्ही दोघे त्यावर दोन दिवस बसलो. पहिला धागा त्याच्याच भाषेत सापडला. मी विचारलं, "तुमचं क्रियापद खाणाऱ्याचंच ऐकतं की वस्तूचंही कधी ऐकतं?" त्यानं विचार करून सांगितलं, 'निमेकिओना', मी ते पाहिलं. त्यात 'नि' म्हणजे मी, आणि मधला 'कि' म्हणजे पुस्तक. मी टाळीच वाजवली. कारण आपलं 'तू भाकरी खाल्लीस' घ्या. त्यातली 'ली' भाकरीची, आणि शेवटचा 'स' तुझा! एकाच क्रियापदात दोघे जण बसले आहेत. त्याचाही चेहरा उजळला. पण भाकरीला मानाची जागा का, हे उरलंच.

त्याचं उत्तर आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर होतं. रविवारी आम्ही कार्ल्याला गेलो. एकवीरेच्या दर्शनाला ही गर्दी. पायऱ्या चढताना मला तीनदा बसावं लागलं, तो दोनदा वर जाऊन परत आला. चैत्यगृहाच्या ओसरीत डाव्या अंगाला ब्राह्मी लिपीत एक लेख कोरलेला आहे, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. वैजयंतीच्या, म्हणजे बहुधा कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेटीनं हे लेणं पुरं केलं, आणि जंबुद्वीपात असं उत्तम दुसरं नाही, असं त्यात म्हटलं आहे. शब्द मी त्याच्या वहीत देवनागरीत उतरवून नेले होते: 'भूतपालेन सेलघरं परिनिठपितं'.

"यात घर कुठं आहे?" मी विचारलं.

त्यानं 'सेलघरं'वर बोट ठेवलं. दगडातलं घर. तेव्हाही घर नपुंसकलिंगी, आजही. हिंदीनं नपुंसकलिंग टाकून दिलं. तिथं घर 'बडा' होतो. मराठी, गुजराती, कोकणी यांनी ते जपून ठेवलं. मग मी त्याला 'घरं' आणि 'परिनिठपितं' यांच्यावरचे टिंब दाखवले. दोघांच्या कपाळी एकच टिळा!

"आणि भूतपालवर?"

"नाही," तो म्हणाला.

'परिनिठपितं' म्हणजे पुरं केलेलं. ते तेव्हा क्रियापद नव्हतंच मुळी; ते घराचं विशेषण होतं. भूतपालाकडून पुरं झालेलं घर. पुढे शेकडो वर्षांत हीच विशेषणं झिजून, नवे प्रत्यय घेऊन आपली भूतकाळाची क्रियापदं झाली. पण जुनं नातं त्यांनी सोडलं नाही. भूतपालानं घर बांधलं. मी भाकरी खाल्ली. करणारा बाजूला उभा, आणि जे झालं त्याला मान.

तो बराच वेळ गप्प होता. मग इंग्रजी सोडून म्हणाला, "म्हणजे 'खाल्ली' भाकरीचा ॲडजेक्टिव्ह आहे. 'किझुरी'सारखा."

'ॲडजेक्टिव्ह' पुल्लिंगी की नपुंसक, यावर मी तोंड उघडलं नाही. शिकतोय मीही.

आत खांबांवरही लेख आहेत. धेनुकाकट नावाच्या गावच्या, स्वतःला यवन म्हणवणाऱ्या माणसांनी खांब दिले, आणि त्यांची नावं इथल्या प्राकृतात कोरली गेली. 'थभो', म्हणजे खांब, पुल्लिंगी. पश्चिमेकडून आलेल्या त्या लोकांना इथल्या शब्दांची लिंगं कुणी सांगितली असतील, आणि त्यांची बोलणी ऐकून मावळातली किती माणसं हसली असतील, असं माझ्या मनात येऊन गेलं. नातू तोवर खांब मोजत पलीकडे गेला होता.

संध्याकाळी घरी आलो तर आई ओसरीत 'किती'वर बसली होती. तो तिच्यापाशी गेला. मी आतल्या दाराशी थांबलो.

"पणजी, मी आज मोठी घर पाहिला," तो म्हणाला.

मी ओठ घट्ट मिटले. पत्नीनं स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं.

"कुणाचं रे?" आईनं विचारलं.

"भूतपालचं."

"असं होय. मग राहतात का ती माणसं अजून तिथं?"

"नाही," तो म्हणाला, आणि तिला ऐकू कमी येतं म्हणून तिच्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं सगळं पहिल्यापासून सांगू लागला.