सव्विसाचा पाढा



माझे शाळेचे शिक्षण सातवीला संपले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा गणितावर बोलण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु एका पाढ्यावर बोलण्याचा आहे. तो पाढा सव्विसाचा.

हाच पाढा का? महिन्याच्या तीस दिवसांतून साप्ताहिक सुटीचे चार वजा केले, की कामाचे सव्वीस उरतात. आपण जिला ग्रॅच्युइटी म्हणतो तिच्या १९७२ च्या कायद्याने नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देऊ केले. परंतु मासिक पगारावरून एका दिवसाचे वेतन काढताना भागायचे कितीने, तीसने की सव्वीसने? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९८० साली कौल सव्विसाच्या बाजूने लागला. १९८७ च्या दुरुस्तीने तो आकडा कायद्यातच लिहिला गेला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम राहिला.

काही वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एक बाई कचेरीत हिशेबाचा कागद घेऊन आल्या. शेवटचा पगार, मूळ वेतन व महागाई भत्ता धरून, १३,००० रुपये. नोकरी वीस वर्षे. देणे १,३०,००० रुपये. "भाऊ, मशीनवर केलेला हिशेब आहे, तो कसा चुकेल?" असे त्यांनी विचारले.

सव्वीस पाचे एकशे तीस. म्हणजे १३,००० ला सव्वीसने भागले की ५०० येतात. पंधरा दिवसांचे ७,५०० व वीस वर्षांचे १,५०,०००. कुणीतरी तीसने भागले होते आणि बाईंचे वीस हजार बुडत होते. यंत्र चुकले नव्हते. त्याला घातलेला प्रश्न चुकला होता. अर्ज केला, दोन खेपा घातल्या, तेव्हा पैसे मिळाले.

आता हा पाढा पाठ कसा करावा? पंचविसाचा पाढा आपल्याला नाण्यांनीच शिकवला आहे. त्यात जितकी पट तितके मिळवा. पंचवीस साते पाऊणेदोनशे. त्यात सात मिळवले की १८२. दुसरी युक्ती याहून सोपी. पहिल्या पाच पायऱ्या घोका : २६, ५२, ७८, १०४, १३०. पुढच्या पाच पायऱ्या म्हणजे याच पाचांत १३० मिळवणे : १५६, १८२, २०८, २३४, २६०. एककाचे अंकही तेच फिरून येतात : सहा, दोन, आठ, चार, शून्य. म्हणताना एकक निराळा आला, तर चूक तिथल्या तिथे कळते.

परंतु नुसता सुरात म्हटलेला पाढा सुरातच राहतो. मधलीच पायरी विचारली, की माणूस पुन्हा 'सव्वीस एके'पासून सुरू करतो. म्हणून तो उलटा म्हणावा, मधूनच विचारावा आणि मुख्य म्हणजे उत्तरावरून मागे जावे : २०८ म्हणजे सव्वीस किती? आठ. कामगाराला गुणाकारापेक्षा हा भागाकारच अधिक लागतो. रोज पाच मिनिटे दिली तरी पुरे.

आपल्या जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असत. कारण त्या काळचा बाजार पाव-अर्ध्यात चाले. १९५७ साली दशमान नाणी आली आणि त्यांची निकड ओसरली. यावरून एवढेच समजावे की पाढे व्यवहारातून जन्मतात. ज्याचा जो व्यवहार, त्याने तो पाढा तोंडी ठेवावा. दूध घालणाऱ्याने तीस-एकतीसचा, मासिक पगारावर राबणाऱ्याने सव्विसाचा.

हिशेब मांडणारा लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा तो घाईत असतो. पण त्याच्या घाईची किंमत आपण का भरावी? आज घरी गेल्यावर आपल्या पगाराची चिठ्ठी काढा आणि तिला सव्वीसने भागून पाहा. एवढे केलेत, तर माझे व्याख्यान कारणी लागले.