धरणारा हात खरा हवा

स्वसंरक्षणाची शिबिरं आता शाळा-कॉलेजांच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत जाऊन बसली आहेत. महिला दिन जवळ आला की बाहेरगावाहून प्रशिक्षक येतात, दोन-तीन दिवस मैदानावर रांगा लागतात, मुली एका सुरात ओरडत हवेत बुक्के मारतात, शेवटी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक, प्रमाणपत्र आणि फोटो. समग्र शिक्षा अभियानात तर यासाठी ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ नावाची योजनाच आहे. सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने शिकवावं, अशी तिची रचना. हेतू चांगलाच आहे. पण अंगाने शिकलेली गोष्ट सराव तुटला की अंगातून जाते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे शिकवलेल्या लोकांची पुन्हा परीक्षा घेतली की तीन ते सहा महिन्यांत कसब बरंच ओसरल्याचं दिसतं, असं वैद्यकशास्त्र वारंवार सांगत आलंय. तिथे निदान समोरचा निपचित असतो. इथे तो आपल्यापेक्षा जड आणि चिडलेला असतो. म्हणून चिपळूणसारख्या गावात आणखी एक शिबिर भरवण्यापेक्षा दहा-बारा जणींचा, आठवड्याला एकदा न चुकता जमणारा आणि एकमेकींकडून शिकणारा गट उभा राहणं जास्त उपयोगाचं आहे, असं मला वाटतं.

सराव कशाचा करायचा, हे ठरण्याआधी धोका कुठून येतो ते नीट पाहायला हवं. शिबिरातला हल्लेखोर बहुधा अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड असतो. आकडे मात्र वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) वार्षिक अहवालांत बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो : नातलग, शेजारी, मित्र, कामावरचा वरिष्ठ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौथाई जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या शंभरात जेमतेम चौदा. म्हणजे बहुतेक वेळा समोर ‘काका’, ‘दादा’, ‘सर’ किंवा ‘भावजी’ असतात, आणि त्यांच्या नाकावर ठोसा मारायचा तर आधी त्या संबोधनाचं ओझं बाजूला सारावं लागतं. 2023 च्या जानेवारीत देशातल्या नामवंत महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या, त्या आठवून पाहा. डाव टाकण्यात त्यांचा हात धरणारं कोण होतं? तरीही त्यांची तक्रार लैंगिक छळाची होती आणि ती सत्तेच्या खुर्चीवरच्या माणसाविरुद्ध होती. त्या आरोपांचा निकाल न्यायालय लावेल. आपल्यापुरतं त्यातून एवढं कळतं की नुसत्या दंडातल्या बळाने हा प्रश्न सुटत नाही, आणि तोंड उघडायची वेळ आली तेव्हा त्यांना एकमेकींचा आधार लागला.

मग प्रशिक्षणाचा उपयोग होतच नाही का? होतो, आणि त्याला चांगला पुरावा आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीची माहितीपत्रकं दिली, दुसऱ्याला एकूण 12 तासांचं प्रशिक्षण. वर्षभरानंतर पाहिलं तर पत्रकं मिळालेल्या गटात बलात्कार सोसावा लागलेल्यांचं प्रमाण 9.8 टक्के निघालं, प्रशिक्षण घेतलेल्यांत 5.2 टक्के. हा अभ्यास 2015 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्या बारा तासांचे चार भाग होते आणि अंगाने झटण्याचा भाग त्यांतला एकच. उरलेल्या वेळात ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका कसा ओळखायचा, तो ओळखूनही आपण स्वतःशीच नाकारत का बसतो, आणि आपल्याला नेमकं काय हवं-नको आहे, याची उघड चर्चा होती. कॅनडातलं विद्यापीठ आणि चिपळूण एक नव्हे, हे खरंच. पण ‘समोरचा ओळखीचा आहे, मग ओरडू कशी?’ हा संकोच तिकडे असेल तर आपल्याकडे तो दुप्पट आहे.

आता अंगमेहनतीच्या भागाकडे वळू. मनगट धरलं तर कसं सोडवायचं, हे प्रत्येक शिबिरात शिकवतात. पकड अंगठा आणि बोटं यांच्यामधल्या फटीत कच्ची असते. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर पोटाकडे आणत झटका द्यायचा, हात सुटतो. समोरची मैत्रीण हसत, हलक्या हाताने धरून उभी असते तेव्हा तो पहिल्याच झटक्यात सुटतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. मग तिलाच सांगा की आता दोन्ही हातांनी घट्ट धर, सोडू नकोस, आणि दाराकडे खेच. बहुतेक वेळा तोच झटका फुकट जातो. पाय फरफटतात, श्वास कोंडतो, आणि शिकलेलं सगळं डोक्यातून पळतं. खरं शिक्षण इथे सुरू होतं. मागे ओढण्याऐवजी पुढे घुसावं लागतं, गुडघे वाकवून वजन खाली आणावं लागतं, धरलेल्या हाताची मूठ आपल्याच दुसऱ्या हाताने पकडून दोन हातांचा जोर एक करावा लागतो, आणि हे करताना ओरडावंही लागतं. असं दहा वेळा फसल्यावर अकराव्या वेळी जमतं, ते आपलं.

यात नवीन काही नाही. आपल्या तालमींना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वस्ताद डाव सांगतो, पण पैलवान घडतो तो जोडीदाराशी रोज झुंजून. प्रत्येक डावाला प्रतिडाव असतो आणि तो टाकणारं कुणीतरी समोर लागतं. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी 1882 साली कोदोकान स्थापून ज्युदो उभा केला, तेव्हा त्यांनीही हेच हेरलं होतं. जुन्या विद्येतले जीवघेणे प्रकार त्यांनी मुक्त सरावातून वगळले, आणि उरलेले पूर्ण जोराने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर करायला लावले. डोळ्यांत बोटं घालायचा ‘हमखास’ डाव कुणी कधी खरा करून पाहत नाही, म्हणून तो वेळेला आठवेलच असं नाही. साधी धरपकड, धक्का, पडल्यावर उठणं या गोष्टी शंभरदा खऱ्याखुऱ्या करता येतात. शिबिरं नेमकी उलटी चालतात : डाव भयंकर, सराव लुटुपुटूचा.

धरपकडीइतकाच आवाजाचा सराव लागतो, आणि तो जास्त अवघड जातो. चार खुर्च्या मांडून एसटीचं बाक करा. गुहागरहून कॉलेजला येणाऱ्या मुलीला हा देखावा समजावून सांगावा लागत नाही. शेजारचा प्रवासी पाय पसरतोय, कोपर लावतोय. पहिल्यांदा बहुतेक जणी आक्रसून खिडकीला चिकटतात, दुसऱ्यांदा ‘जरा सरकता का?’ असं पुटपुटतात. ‘काका, पाय बाजूला घ्या,’ हे सरळ त्याच्याकडे पाहत, कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि पुढे न हसता म्हणायला चार-सहा खेपा लागतात. हे शेवटचं हसू फार चिवट असतं. ‘आगाऊ’ आणि ‘उर्मट’ हे शिक्के बसू नयेत म्हणून लहानपणापासून कमावलेलं असतं ते. गटात हे पुनःपुन्हा बोलून घ्यायचं, आणि प्रवाशाची भूमिका करणारीने दर वेळी नवीन उत्तर द्यायचं : ‘गर्दी आहे, काय करू?’, ‘एवढं होतं तर रिक्षानं जायचं’, ‘मी तुझ्या वडिलांच्या वयाचा.’ त्या शेवटच्या वाक्यावर गडबडली नाही, तर मुलगी तयार झाली म्हणायची.

यावर सर्वांत रास्त आक्षेप असा की गुन्हा पुरुषाने करायचा आणि घाम बाईने का गाळायचा? उद्या काही झालं तर ‘एवढं शिकलीस, मग हात का नाही उचललास?’ असं विचारायलाही लोक कमी करणार नाहीत. आक्षेप खरा आहे, म्हणून गटाने पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट करायची : झटायला न जमणं हा दोष नाही. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या उपचारकेंद्रात बलात्कारानंतर आलेल्या 298 स्त्रियांना विचारलं, तेव्हा सुमारे 70 टक्के जणींनी त्या वेळी शरीर थिजून गेल्याचं सांगितलं. 2017 सालचा हा अभ्यास. थिजणं ही शरीराची उपजत क्रिया आहे, संमती नव्हे, भेकडपणाही नव्हे. कॅनडातल्या त्या अभ्यासाच्या पुढच्या पाहणीत तर प्रशिक्षण घेऊनही ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांनी स्वतःला दोष देण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा कमी आढळलं. मुलग्यांना वळण लावण्याचं काम तर व्हायलाच हवं. मुंबईत ‘मावा’ ही संस्था 1993 पासून पुरुषांमध्ये ते करते आहे. पण ते फळाला येईपर्यंत संध्याकाळची बस चुकत नाही. आणि पोलीस? 112 क्रमांक पाठ हवाच. पण पहिली दहा मिनिटं जवळच्या माणसांची असतात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली, तेव्हाही बाहेरची मदत पोचण्याआधी शेजारचेच हात पुढे आले होते.

दुसरा आक्षेप तज्ज्ञतेचा : गुरूशिवाय शिकाल तर चुकीचं शिकाल, वर हातपाय मोडून घ्याल. यातलं निम्मं बरोबर आहे. पाया घालायला जाणता माणूस लागतोच, आणि ज्युदो, कुस्ती किंवा कराटे शिकलेलं कुणी ना कुणी तालुक्यात सापडतं. त्यांना महिन्यातून एकदा बोलवावं, चुका काढून घ्याव्यात. पण गट त्यांच्या मालकीचा होऊ नये. लखनौमध्ये उषा विश्वकर्मा यांनी उभ्या केलेल्या रेड ब्रिगेडमध्ये वस्तीतल्या मुलीच शिकल्या आणि त्याच पुढच्यांना शिकवू लागल्या. त्यांचं बळ तिथेच होतं. शिवाय एकाच ‘सरां’च्या हाती सगळं सोपवलं की ज्या सत्तेपासून सावध राहायला शिकायचं, तीच आपण दारात आणून बसवतो. समवयस्क गटात पाळीपाळीने सराव चालवला तर हा धोका कमी होतो. नियम थोडे पण कडक हवेत. अंगावर किंवा जमिनीवर दोनदा थाप मारली की त्या क्षणी सोडायचं, कारण विचारायचं नाही. जोर आधी हलका, मग निम्मा, आणि दोघींनी कबूल केलं तरच पूर्ण. ठोसे फक्त गादीवर किंवा पॅडवर. डोळे, गळा आणि गुडघ्याचा सांधा यांना हात लावायचा नाही. आज नको असं वाटलं तर बाजूला बसायची मुभा. मुली अठराच्या आतल्या असतील तर पालकांची लेखी परवानगी आणि हजर दोन मोठ्या बायका. पुरुष हवेत का? सुरुवातीला नकोत, असं माझं मत. चार-पाच महिन्यांनी मात्र सत्तर-ऐंशी किलोचा, भरवशाचा भाऊ किंवा मित्र समोर उभा करायलाच हवा, नाहीतर वजनाचा अंदाज येत नाही. आणि तो आला की ‘पन्नास किलोची मुलगी असल्या गड्याला कशी लोळवणार?’ याचंही उत्तर मिळतं. तिने लोळवायचं नसतंच. दोन सेकंद मोकळं व्हायचं आणि माणसं असतील तिकडे पळायचं.

कायद्याची भीती बऱ्याच घरांत बोलून दाखवतात : ‘उलट आपल्यावरच केस पडेल.’ 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं गटाने एकदा बसून वाचावीत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क त्यांत आहे. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. बेकायदा हल्ला समोर उभा असताना नागरिकाने भेकडासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग खटल्यात 2010 साली सांगितलं आहे. पण हक्काला कड आहे : गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. पळणाऱ्याला गाठून बदडणं यात बसत नाही. नागपुरात 13 ऑगस्ट 2004 ला कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला थेट न्यायालयाच्या आवारात ठार मारलं. त्यामागे वर्षानुवर्षांची दहशत आणि तक्रारींकडे झालेली डोळेझाक होती. 2014 साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांचा संताप कुणालाही समजेल. पण ते स्वसंरक्षण नव्हतं, आणि गट काढताना ‘धडा शिकवू’ची भाषा सुरू झाली तर ती तिथेच थांबवलेली बरी. गटाने त्यापेक्षा तक्रार लिहायला शिकावं. तारीख, वेळ, जागा, साक्षीदार. पोलीस ठाण्यात एकटीने जायचं नाही.

उरतो प्रश्न जागेचा आणि वेळेचा, आणि कोकणात तोच गट मोडतो. उघड्या मैदानावर बेत आखला तर जूनमध्ये पाऊस सगळं बंद पाडणार. त्यामुळे सुरुवातीपासूनच छप्पर धरावं : शाळेचा हॉल, समाजमंदिर, किंवा लग्नसराई नसताना रिकामं असलेलं मंगल कार्यालय, जिथे गाद्याही आयत्या मिळतात. गुळगुळीत लादीवर सतरंजी टाकून पाडापाडी करू नये, ती सरकते. जिथे बचतगटाची बैठक ठरलेल्या वारी होतेच, तिथे तिलाच तासभर जोडून घेणं सर्वांत सोपं. हजेरी घ्यायची सवय त्या बायकांना आधीपासून आहे. खेर्डी-लोट्याला कंपनीत जाणाऱ्यांची शिफ्ट आणि कॉलेजच्या मुलींची शेवटची एसटी, या दोन्हींत बसेल अशी रविवार सकाळच काय ती सापडते. लावणी, गणपती आणि शिमगा या तीन वेळी हजेरी गळणार हे धरून चालावं आणि त्या आठवड्यांत चौघी आल्या तरी सराव करावा. गट पंधरा-सोळाच्या वर गेला की जोड्यांवर लक्ष राहत नाही. तेव्हा जुन्या चौघींनी अलोऱ्याला किंवा सावर्ड्याला वेगळी सुरुवात करावी, आणि पहिले दोन-तीन महिने दोन्हीकडे यावं.