पदकाच्या कडेवरची ओळख

जुन्या जर्मन लष्करी पदकांच्या संग्राहकाला पदकाची दर्शनी बाजू सर्वांत कमी माहिती देते, कारण तिच्यावरचा क्रूस, मुकुट, राजाची आद्याक्षरे आणि साल ही त्या पदकाच्या हजारो प्रतींवर सारखीच असतात; हातातली प्रत कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या काळात तयार झाली, हे सांगणाऱ्या खुणा मात्र कडेवर, टांगायच्या कडीवर किंवा मागच्या पिनेखाली दडलेल्या असतात. रायगड जिल्ह्यातून फौजेत गेलेल्या कुटुंबांच्या पेट्यांमध्ये आजही जी ब्रिटिशकालीन मेडले सापडतात, त्यांनाही हीच दृष्टी लागू पडते.

जर्मन पदकांच्या वैविध्याचे मूळ त्या देशाच्या घडणीत आहे. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले, तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेंबर्ग ही राज्ये आपापले राजे आणि आपापले मानसन्मान राखून होती. त्यांची तुलना आपल्याकडील जंजिरा किंवा सावंतवाडीसारख्या संस्थानांशी करण्याचा मोह होतो, पण त्यांचे अधिकार कितीतरी अधिक होते. प्रशियाचे ‘पूर ल मेरीत’ हे १७४० चे, मेक्लेनबुर्ग-श्वेरीनचा लष्करी गुणगौरव क्रूस १८४८ चा, तर बव्हेरियाचा लष्करी गुणगौरव सन्मान १८६६ चा. एवढ्या सन्मानांच्या निर्मितीचे काम बर्लिनमधील गोडे, वाग्नर व फ्रीडलेंडर, म्युनिकमधील वाइस व हेमर्ले अशा जवाहीर पेढ्यांकडे जात असे. त्यातच सन्मान मिळालेले अनेक अधिकारी सरकारकडून आलेली प्रत घरी जपून ठेवत आणि गणवेशावर लावण्यासाठी दुसरी प्रत स्वखर्चाने विकत घेत, त्यामुळे एकाच पदकाचे भिन्न कारागिरीचे नमुने बाजारात आले.

या सर्वांत प्रसिद्ध असलेला लोखंडी क्रूस प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याने १० मार्च १८१३ रोजी, नेपोलियनविरुद्धच्या लढ्याच्या ऐन उंबरठ्यावर, सुरू केला. वास्तुविशारद कार्ल फ्रीडरिख शिंकेल याच्या आराखड्यानुसार घडलेल्या या पदकात सोन्याला थारा नव्हता. मधला काळा गाभा ओतीव लोखंडाचा, म्हणजे मराठीत ज्याला बीड म्हणतात त्याचा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी चौकट चांदीची असे. ही चौकट दोन पाकळ्यांची असून गाभा मध्ये ठेवल्यावर पाकळ्यांच्या कडा डाक देऊन जोडल्या जात. धरमतर खाडीकाठी डोलवीत पोलादाचा कारखाना उभा असल्याने त्या परिसरातील वाचकाला लोखंडाच्या जातींची तोंडओळख करून द्यावी लागणार नाही. अस्सल क्रूसाचा गाभा बहुतेक वेळा चुंबकाला चिकटतो आणि चौकट चिकटत नाही, ही पहिली परीक्षा त्याला सहज करता येईल. हा सन्मान १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये नव्याने जाहीर झाला. पहिल्या महायुद्धात त्याच्या दुसऱ्या श्रेणीची संख्या पन्नास लाखांच्या आसपास गेली, म्हणून तो आजही दुर्मीळ नाही. दुर्मीळ असतो तो एखाद्या विशिष्ट कारागिराचा नमुना.

कारागीर ओळखण्याची विद्या ठशावर आधारलेली आहे. ठसा म्हणजे कठीण पोलादात उलटी कोरलेली आकृती; ती यंत्राच्या दाबाने धातूच्या चकतीवर आपटली की पदक उमटते. ओतीव वस्तूचा साचा वेगळा आणि हा ठसा वेगळा, तरी दोघांचा स्वभाव एकच, आणि तो पेण तालुक्यातील हमरापूर किंवा जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत जितका स्पष्ट दिसतो तितका कोणत्याही ग्रंथात दिसणार नाही. रबरी साच्याला सोंडेच्या वळणाशी बारीकशी चीर गेली, तर त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीवर त्याच जागी रेघ उठते. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी झाल्यावर ती गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाही, पण साचा कोणाचा हे जाणकार त्या रेघेवरून सांगू शकतो. पदकाच्या ठशालाही असेच तडे जातात, अंकाच्या टोकाचा टवका उडतो, मुकुटाच्या मण्यांपैकी एखादा चपटा होतो. एका सही-शिक्क्याच्या, म्हणजे कारागिराचे चिन्ह असलेल्या पदकावर अशी खोट आढळली आणि तीच खोट चिन्ह नसलेल्या दुसऱ्या पदकावर जशीच्या तशी दिसली, तर दोन्ही एकाच ठशातून निघाली असे मानता येते. निनावी पदकांचे निर्माते बहुतांशी याच पद्धतीने निश्चित झालेले आहेत. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते: काही पेढ्या एकमेकींकडून तयार भाग विकत घेत, त्यामुळे ठसा एकाचा आणि जुळणी दुसऱ्याची असेही घडते.

नकलेचा शोधही येथूनच लागतो. अस्सल पदकावरून साचा घेऊन त्यात धातू ओतला, तर धातू थंड होताना किंचित आकसतो आणि नक्कल मूळ पदकापेक्षा केसभर लहान भरते. व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजला आणि बारीक तराजूवर वजन केले की हा फरक हाती लागतो. भिंगाखाली अशा नकलेची अक्षरे साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी गुळगुळीत दिसतात आणि सपाट भागावर हवेच्या बुडबुड्यांची सुईच्या अग्राएवढी छिद्रे आढळतात.

प्रत्यक्ष चिन्हे वाचणे हे त्यामानाने सोपे काम आहे. पहिल्या महायुद्धातील लोखंडी क्रूसाच्या कडीवर रोमन लिपीतील ‘के ओ’ ही अक्षरे असतील तर तो बर्लिनच्या शाही टांकसाळीचा, ‘एफ आर’ असतील तर फ्रीडलेंडर बंधूंचा आणि ‘एस-डब्ल्यू’ असतील तर झी व वाग्नर या पेढीचा. चांदीच्या शुद्धतेचा ‘८००’ हा अंक, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी, आणि त्यासोबतचे चंद्रकोर व मुकुट हे चिन्ह जर्मनीत १८८८ पासून रूढ झाले. साहजिकच चंद्रकोर-मुकुट असलेला १८७० सालचा क्रूस समोर आला, तर तो त्या युद्धात दिलेला नसून एखाद्या वृद्ध सैनिकाने मागाहून घडवून घेतलेला आहे, असा निष्कर्ष निघतो. दुसऱ्या महायुद्धात अक्षरांची जागा अंकांनी घेतली. बर्लिनच्या युंकर पेढीचा अंक २, ल्यूडेनशाइडच्या श्टाइनहाउअर व ल्यूक यांचा ४, तर व्हिएन्नाच्या रूडोल्फ सूव्हाल यांचा ९८.

हे शेवटचे नाव भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुभाषचंद्र बोस १९४१ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला पोहोचले; तेथे युद्धकैद्यांमधून हिंदी सैन्यदल उभे राहिले, आणि १९४२ मध्ये त्यांनी ‘शेर-ए-हिंद’, ‘सरदार-ए-जंग’, ‘वीर-ए-हिंद’ व ‘शहीद-ए-भारत’ हे सन्मान सुरू केले. बर्लिनच्या स्वतंत्र भारत केंद्रात काम केलेले एन. जी. गणपुले यांनी पुढे या कालखंडावर पुस्तक लिहिले. ही पदके घडवली ती सूव्हाल यांनी. प्रत्यक्ष लढणाऱ्यांच्या पदकावर परस्परछेदी तलवारी असत आणि इतरांच्या पदकावर नसत, ही जर्मन रीतच त्यांतही पाळलेली दिसते. नावे हिंदुस्थानी आणि घडण व्हिएन्नाची, असा हा विलक्षण संयोग आहे. ही पेढी युद्धानंतरही चालू राहिल्याने युद्धकालीन आणि युद्धोत्तर प्रतींचा वाद संग्राहकांमध्ये पेटलेला असतो, आणि तो मिटवण्यासाठी पुन्हा धातू, वजन व ठशातील खोटी यांकडेच वळावे लागते.

ज्या मराठी सैनिकांनी जर्मनांशी किंवा त्यांच्या दोस्तांशी शस्त्राने गाठ घेतली, त्यांची संख्या अर्थातच कितीतरी मोठी होती. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूट येथे शरण गेलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे, डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांना वेढणाऱ्या तुर्की सैन्याचे नेतृत्व काही काळ फोन डेर गोल्त्स या जर्मन सेनानीकडे होते, आणि त्या सैन्यातील जर्मनांच्या छातीवर झळकणारा तुर्की युद्धतारा पुष्कळदा जर्मन पेढ्यांनीच घडवलेला असे.

त्याच युद्धाबद्दल हिंदी शिपायाला मिळालेल्या ब्रिटिश युद्धपदकाचा व्यास ३६ मिलिमीटर, धातू चांदी, आणि कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण. जर्मन क्रूसावर कारागिराचे नाव सापडते, पण तो कोणाला मिळाला याचा सहसा पत्ता नसतो; आपल्याकडच्या पदकावर नेमके उलटे. मराठा पलटणींना १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन म्हणून नवे क्रमांक मिळाले, त्यामुळे कडेवर ‘११०’ दिसले तर तो शिपाई त्याआधीचा. हीच ११० वी पलटण पुढे तिसरी बटालियन झाली, आणि तिच्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकट्याने चाल करून ती बंद पाडली आणि तेथेच प्राण ठेवले. त्यांना मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा सन्मान लंडनच्या हॅनकॉक्स पेढीकडे घडतो. त्याच्या मागील वर्तुळात पराक्रमाची तारीख आणि वरच्या आडव्या पट्टीच्या मागे वीराचे नाव कोरण्याची रीत आहे.

घरातील पदक बाहेर काढणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पहिल्या महायुद्धाची मेडले आता त्या वयाची झाली आहेत. दुसरी गोष्ट चिंच-राखेने घासण्याची: देवघरातील तांब्याच्या भांड्याला ती शोभते, परंतु पदकाच्या कडेवरची बारीक अक्षरे तिने हळूहळू पुसट होत जातात. दलालाने मुद्दाम नाव खरवडलेले असेल तर तेही कडेवरच कळते. कॅलिपरची टोके परिघावरून फिरवत नेली की ज्या जागी नाव होते तेथे व्यास थोडा कमी भरतो.