माउथ ऑर्गन, हिंदी चित्रपटसंगीतातील
माउथ ऑर्गन : ओठांशी धरून श्वासाच्या साहाय्याने वाजविण्याचे एक लहान वाद्य. यास ‘हार्मोनिका’ असेही म्हणतात. भारतातील सर्वसामान्य श्रोत्यांस त्याचा परिचय प्रामुख्याने हिंदी चित्रपटगीतांतून झाला.

रचना : चपट्या पेटिकेतील छिद्रांमागे धातूच्या पत्त्या बसविलेल्या असतात. एका टोकाशी जखडलेली पत्ती हवेच्या झोताने आपल्या खाचेत मोकळेपणी कंप पावते व स्वर उमटतो. हार्मोनियमचे तत्त्वही हेच. मात्र तेथील भात्याचे काम येथे फुप्फुसे करतात आणि श्वास सोडताना व ओढताना निरनिराळे स्वर निघतात. चिनी ‘शेंग’ हे या तत्त्वावरील प्राचीन वाद्य होय. माटियास होनर यांनी १८५७ मध्ये जर्मनीतील ट्रोसिंगेन येथे सुरू केलेल्या उत्पादनामुळे माउथ ऑर्गनचा जगभर प्रसार झाला.

दहा छिद्रांच्या साध्या प्रकारात मधले सप्तक तेवढे पूर्ण असते. खालच्या सप्तकात शुद्ध मध्यम व धैवत, तर वरच्या सप्तकात निषाद नसतो. क्रोमॅटिक प्रकारात बाजूची कळ दाबली असता प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराने चढतो. त्यामुळे १२ छिद्रे व ४८ पत्त्यांच्या वाद्यातून तीन सप्तकांतील सर्व शुद्ध व विकृत स्वर मिळतात. रागाधारित गीतांस हाच प्रकार सोयीचा ठरतो.

वादन : क्रोमॅटिक वाद्याच्या मूळ षड्जावर षड्ज, गंधार व पंचम फुंकून, तर ऋषभ, मध्यम, धैवत व निषाद श्वास ओढून निघतात. श्वासाची दिशा अशी वारंवार बदलत असल्याने गळ्यातील अखंड मींड या वाद्यातून जशीच्या तशी काढता येत नाही. कसबी वादक ही उणीव कणस्वर घेऊन, स्वर किंचित उतरवून व वाद्याभोवतीच्या तळहाताची उघडझाप करून भरून काढतो. शब्दांचा आधार नसल्याने गायकाने जेथे श्वास घेतला, तेथेच स्वरावली थांबविणे अगत्याचे असते. अन्यथा चाल ओळखू येते, पण गीताचा भाव हरवतो.

चित्रपटांतील उपयोग : ‘सोलवाँ साल’ (१९५८) या चित्रपटातील हेमंतकुमार यांच्या आगगाडीतील गीतात राहुल देव बर्मन (१९३९–९४) यांनी वाजविलेला माउथ ऑर्गन विशेष गाजला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटातही त्यांचेच वादन असून, त्यातील दोन मित्रांपैकी एकाचे हे वाद्य कथानकाचाच भाग आहे. ‘शोले’ (१९७५) मध्ये भानू गुप्ता यांनी वाजविलेली धून जय या पात्राचे अबोल प्रेम शब्दांवाचून व्यक्त करते. ध्वनिमुद्रित गीतांत माउथ ऑर्गनकडे बहुधा आरंभीचे व मधले स्वरखंडच असतात. गायकाची ओळ त्याच्याकडे क्वचितच येते. एकट्याने संपूर्ण गीत वाजविणाऱ्यास मात्र ही दोन्ही अंगे सांभाळावी लागतात, आणि त्याच्या कौशल्याची खरी कसोटी गायकाच्या ओळीतच लागते.