संचयाची व्याधी आणि समदुःखितांचा आधार

चार वस्तू राखून ठेवणे हे आपल्याकडे गृहस्थाचे शहाणपण मानले जाते. रिकामा डबा, जुना दोर, मोडकी खुर्ची कधीतरी उपयोगी पडेल या हिशेबाने माळ्यावर जाते. परंतु काही व्यक्तींच्या बाबतीत ही सवय ताब्यात राहत नाही. रद्दी, कपडे व बाटल्या साचत जाऊन चूल, मोरी आणि अंथरूण यांपर्यंत जाण्यास वाट उरत नाही. एखादी वस्तू टाकण्याचा नुसता विचारही त्यांना असह्य होतो. नफ्यासाठी केलेल्या साठेबाजीशी याचा संबंध नाही. आळसाशीही नाही. ही मनाची व्याधी आहे.

पूर्वी हिची गणना मंत्रचळात होत असे. अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये तिला स्वतंत्र विकार मानले. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही तिची स्वतंत्र नोंद आहे. लक्षणे बहुधा कुमारवयात सुरू होतात. मात्र त्यांचे उग्र स्वरूप उतारवयात दिसते.

अशा वेळी घरच्यांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे, ती व्यक्ती परगावी गेली असता घर रिकामे करून टाकणे. त्याने घर स्वच्छ होते, पण व्याधी तशीच राहते. विश्वास मात्र तुटतो आणि घर पुन्हा भरू लागते.

याहून हिताचा एक मार्ग समदुःखितांच्या गटांनी दाखविला आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे तीनशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास करण्यात आला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गट मानसशास्त्रज्ञांनी चालविले, तर काही गट ही व्याधी स्वतः अनुभवलेल्या, प्रशिक्षित व्यक्तींनी. दोहोंचे परिणाम जवळजवळ सारखेच आढळले.

यामागील कारण समजण्याजोगे आहे. या व्याधीत लाज फार असते. रुग्ण कोणास उंबरठ्याच्या आत घेत नाही. समदुःखितापुढे मात्र ही लाज गळून पडते. गटात प्रत्येक जण आठवड्यापुरते एखादे लहान काम ठरवितो, नवी वस्तू न आणण्याचा सराव करतो आणि पुढील बैठकीत त्याचा हिशेब देतो. घराबाहेर पडणे कठीण असेल, तर दूरध्वनीवरून अथवा मोबाईलच्या पडद्यावरूनही अशा बैठका होऊ शकतात.

गावात असे घर आढळल्यास पंचायतीने नोटिशीपूर्वी संवाद साधावा. आग लागण्याचा वा पडण्याचा धोका असल्यास, त्या व्यक्तीच्या संमतीने प्रथम दार व चुलीकडील वाट मोकळी करावी. शिक्षकांनी अशा घरातील मुलांची चेष्टा होऊ देऊ नये. स्मृतिभ्रंशातही वस्तू साठविल्या जातात. म्हणून वैद्यकीय तपासणी अवश्य करून घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या केंद्र शासनाच्या सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

घर आवरण्याआधी माणसाला सावरणे आवश्यक आहे.