हळदीचा डाग आणि धनराजची सही

शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं की आई साबण लावते. पिवळा डाग एकदम लालभडक होतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. आई मात्र शांतपणे शर्ट उन्हात टाकते. संध्याकाळी बघावं, तर डाग जवळजवळ गायब!

उमरखेडच्या मुलांना हळद काय सांगायची? हळद शिजवून वाळत घातलेली तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिली असेल. पण हा डाग गेला कुठे?

हळदीचा पिवळेपणा कुरक्युमिन नावाच्या रेणूंमुळे असतो. उन्हातले अतिनील किरण या रेणूंवर आदळतात आणि त्यांचे तुकडे होतात. तुकड्यांना तो पिवळा रंगच नसतो. डाग पळाला नाही, मोडला!

आता एक कार्ड डोळ्यांसमोर आणा. त्यावर हॉकीपटू धनराज पिल्ले यांचा फोटो आणि खाली त्यांची खरीखुरी सही. पुण्याजवळच्या खडकीत मोडक्या स्टिक घेऊन खेळणारा हा मुलगा पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं. असं कार्ड मिळालं, तर पहिल्यांदा काय करावंसं वाटेल? खिडकीसमोरच्या भिंतीवर लावावंसं. तेच करू नका! बऱ्याच बॉलपेनांच्या आणि स्केचपेनांच्या शाईत विरघळणारे रंग असतात. त्यांचे रेणूही हळदीसारखेच उन्हात मोडतात. धनराज तसेच हसत राहतील, सही मात्र हळूहळू पुसट होत जाईल.

निवृत्त खेळाडूंच्या सह्यांना मी म्हणूनच इतकी जपते. हॉकीपटू मेजर ध्यानचंद १९७९ साली गेले. त्यांच्या सह्या जगात जेवढ्या आहेत, तेवढ्याच. त्यात आता एकही नवी भर पडायची नाही.

मग न उडणारी शाई असते का? असते की! पेशव्यांच्या काळातले मोडी लिपीतले कागद पाहिलेत कधी? अडीचशे वर्षं झाली, तरी अक्षरं काळीभोर. कारण ती शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, आणि ऊन त्याचं काही वाकडं करू शकत नाही. आजही काही पेनांवर ‘पिगमेंट इंक’ असं लिहिलेलं असतं. त्या शाईत रंगाचे बारीक कण असतात आणि ते उन्हात पुष्कळ जास्त टिकतात. यवतमाळचेच आकाश चिकटे २०१६ साली आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात गोलरक्षक होते. असं कुणी कधी भेटलं, तर हेच पेन पुढे करा. आणि कार्ड गुळगुळीत असेल तर सही झाल्या झाल्या बोट लावू नका. तिथे शाई कागदात मुरत नाही, वरच बसून वाळते.

सही हाताने केलेली की छापलेली, हे कसं ओळखायचं? भिंगातून बघा. छापील सहीत बऱ्याचदा रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसते. पेनाची रेघ सलग वाहते, हात रेंगाळला तिथे जाड, झपकन फिरला तिथे बारीक. बॉलपेन असेल तर कार्ड प्रकाशात तिरकं धरा. टोकाने दाबून पाडलेला चर दिसेल.

आता तुमच्या सहीची पाळी. पांढऱ्या कागदावर स्केचपेन, बॉलपेन, जेलपेन आणि शिसपेन्सिल, प्रत्येकाने एकेक लांबलचक सही करा. प्रत्येक सहीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका, त्यावर दगड ठेवा आणि कागद गच्चीवर कडक उन्हात राहू द्या. रात्री मात्र आत आणा, दव नको. पंधरा दिवसांनी पुठ्ठा उचला आणि सगळ्यात आधी शिसपेन्सिलीच्या सहीकडे बघा.