पणजींतील पानगृहें आणि आपलें घर

मोठ्या शहरांत हल्लीं 'कॉकटेल बार' नांवाचीं नवीं पानगृहें निघत असून, आमच्या सेनगांवासारख्या तालुक्याच्या गांवांतून नोकरीसाठीं बाहेर पडलेलीं सुशिक्षित मुलेंही तेथें जाऊं लागलीं आहेत. घरांतील वडील मंडळींस हें ठाऊक असतें. पण बोलून दाखविण्याची चाल नाहीं. जें बोलावयाचेंच नाहीं, त्याविषयीं मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी तरी कशा सांगणार? हा विचार मनांत धरून, गेल्या एप्रिलांत गोव्यास गेलों असतां, पुतण्याला बरोबर घेऊन आम्ही पणजीच्या फोंतेन्हास भागांत एक सायंकाळ हिंडलों. मद्याला आम्हीं जन्मांत स्पर्श केलेला नाहीं व तेव्हांही केला नाहीं. पाहणें आणि विचारणें एवढेंच केलें.

अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या भिंतींचीं पोर्तुगीज काळांतील कौलारू घरें, आणि त्यांत 'जोझेफ बार' नांवाचें, आपल्या माजघराहून मोठें नसेल असें एक पानगृह. आंत जागा न मिळालेले लोक पेला घेऊन बाहेर उभे. फळीवर लिंबें, कोकम, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. क्षणभर आपल्याच स्वयंपाकघरांत आल्याचा भास झाला!

या पेयांचें मूळ काजूच्या बोंडांत आहे. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणलें. बोंडें तुडवून काढलेला रस आंबवितात व भट्टीवर चढवितात. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा सौम्य अर्क तो हुर्राक; तो उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच मिळतो. पुन्हां गाळला म्हणजे फेणी. तींत मद्यार्क शेंकडा ४२ च्या आसपास. 'फेणी' हें नांव संस्कृत 'फेन' म्हणजे फेस यावरून आलें असें मानतात. काजूफेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, व २०१६ सालीं गोवा सरकारनें तिला वारशाच्या पेयाचा मान दिला.

'कॉकटेल' शब्दाची छापील व्याख्या १८०६ सालीं अमेरिकेंतील एका वृत्तपत्रांत आली: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचें मिश्रण. परंतु त्याहून जुनें जें 'पंच' नांवाचें पेय, त्याचें नांव मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला या पांच द्रव्यांवरून, आपल्याच 'पञ्च' शब्दापासून निघालें असें सामान्यतः समजतात. कौटिल्यानें तर अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें प्रकरणच लिहिलें असून, पानागारांत वेगवेगळ्या खोल्या, आसनें, गंध, माला व पाणी असावें असें सांगितलें आहे. तेव्हां हें सर्व परदेशचें खूळ आहे, असें म्हणून सुटका होत नाहीं.

पुतण्या म्हणाला, "काका, आम्ही नशेसाठीं येत नाहीं, चार मित्र भेटावेत म्हणून येतों."

"मग पेल्यांत फेणीच हवी, असें कोणीं सांगितलें?" आम्हीं विचारलें.

तो हंसला. वाढणाऱ्या मुलानें कोकम, लिंबू, मीठ व सोडा यांचे दोन पेले आणून ठेवले. गप्पांत कांहीं उणें पडलें नाहीं.

परंतु खरा प्रश्न याहून कठीण आहे. आपल्या गांवांत मजूर बाटली घेऊन बसला तर त्याला आपण व्यसनी म्हणतों. आपला मुलगा शहरांत रंगीत पेला हातीं धरतो, तेव्हां तिला अभिरुची म्हणतों. पोटांत जाणारा मद्यार्क मात्र एकच. १९४९ चा दारूबंदी कायदा बदललेल्या नांवानें महाराष्ट्रांत आजही लागू आहे. पिणाऱ्यास परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठीं वयाचीं २५ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. गांवांतील दुकान मतदानानें बंद करण्याची सोय आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली. ज्या बायकांची चूल दारूनें विझली, त्या आडव्या बाटलीसाठीं पुढें आल्या. त्यांना पेल्याच्या रंगाशीं कर्तव्य नव्हतें.

शिवाय गोड-आंबट रसांत मद्याची जळजळ लपते, म्हणून पिणाऱ्याचा हिशेब चुकतो. मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे.

म्हणून वडिलधाऱ्यांस आमची विनंति इतकीच: दिवाळीला मुलें घरीं येतील, तेव्हां हा विषय माजघरांत मोकळेपणानें काढावा. रागावूं नये, आणि डोळेझांकही करूं नये. किती, कोठें, कोणाबरोबर व घरीं कसे परततां, हे चार प्रश्न विचारावे. सुनांनाही त्या बोलण्यांत बसवावें. कारण परिणाम भोगावयाची वेळ आली तर ती प्रथम त्यांच्यावर येते. धाकानें मुलगा पेला लपवील. विश्वासानें विचारलें, तर कदाचित् तो स्वतःच खालीं ठेवील.